खोडलेली शून्यं

आमच्या छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या माणसाला सगळे गाळणीकाका म्हणायचे. मजकूर त्यांच्या नजरेतून आरपार जायचा आणि चुका तेवढ्या वर राहायच्या. हे नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण काकांना ते मनापासून आवडायचं. नव्या माणसाने 'साहेब' म्हटलं तर स्वतःच सांगायचे, "साहेब समोरच्या केबिनमध्ये. मी गाळणी."

माणूस उंच, काटकुळा, मानेतून पुढे वाकलेला. हयातभर कागदात डोकं घालून बसल्यामुळे ती मान तशीच राहून गेली होती. रस्त्याने जातानासुद्धा खाली काहीतरी छापलेलं आहे आणि त्यात चूक आहे, अशा थाटात चालायचे. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या डब्या, बसचं तिकीट, काही म्हणून सोडायचे नाहीत. काकू सांगायच्या, लग्नात आलेल्या शुभेच्छापत्रांतल्या चुका यांनी पहिल्याच आठवड्यात लाल शाईने सुधारून ठेवल्या. "मला वाटलं, आता माझी पाळी," असं म्हणून त्या हसायच्या. मला ते हसणं कधी पुरतं हसणं वाटलं नाही. मूलबाळ नव्हतं. घरात माणसं दोन, आणि त्यांतलं एक सतत बरोबर.

मी त्यांची वाचक. हे काय काम असतं ते बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. लेखकाने लिहिलेली मूळ प्रत माझ्या हातात, छापायच्या पानाचं प्रूफ काकांच्या हातात. मी मोठ्याने वाचायचं, त्यांनी प्रुफावर पेन्सिल फिरवत ऐकायचं. आणि वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं. स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' म्हणायचं, नायिका शेवटचे श्वास मोजत असली तरी 'उद्गारचिन्ह' म्हणायचं. एका सुरात, न थांबता आणि शक्यतो न समजता. समजून वाचणारा माणूस कागदावरचं सोडून मनातलं वाचायला लागतो, असं काकांचं ठाम मत. म्हणून ते मला पोपट म्हणायचे. "हं, पोपटा, चल." छापखान्याच्या मागच्या अंगाला ती खोली, यंत्रांच्या धडधडीने सतत थरथरणारं टेबल, खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. तिथे बसून मी गुरांचे आजार, कापड गिरणीचे नियम आणि बऱ्याच जणांची प्रेमं एकाच आवाजात वाचून काढली.

या कामाचा एक नियम होता आणि तो काकांनीच मला पहिल्या दिवशी घोकून घ्यायला लावला होता. मूळ प्रतीला हात लावायचा नाही. प्रत आणि प्रूफ जुळत नसेल तर प्रूफ सुधारायचं. पण प्रतीतच काही खटकलं तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं, त्याभोवती गोल करायचा आणि लेखकाला विचारायचं. ठरवणार लेखक. आपण फक्त विचारायचं.

हा नियम त्यांनीच एकदा मोडला आणि त्यांचं नाव झालं. लहान मुलांच्या आजारांवरचं एक पुस्तक होतं. एका औषधाच्या मात्रेतलं दशांश चिन्ह एक घर उजवीकडे सरकलं होतं, म्हणजे बाळाला दहापट औषध. तेच औषध आधीच्या प्रकरणात बरोबर मात्रेत होतं, ते काकांच्या लक्षात राहिलं होतं. डॉक्टर परगावी, पानं यंत्रावर चढायला टेकलेली. काकांनी न विचारता आकडा बदलला. परत आल्यावर डॉक्टर त्या थरथरत्या टेबलापाशी येऊन हात जोडून उभे राहिले. मालकांनी ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला इतक्यांदा सांगितली की शेवटी त्यात बाळाचं नावसुद्धा आलं. आणि समासातली काकांची प्रश्नचिन्हं त्यानंतर विरळ होत गेली. उघड दिसणारी चूक असेल तर विचारायचं कशाला, असं ते म्हणू लागले. मीही मान डोलवत होते, कारण खरंच त्यांचं चुकत नव्हतं.

मग गणिताच्या बाई आल्या.

शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, ठेंगण्याशा आणि तरतरीत. नववीच्या मुलांसाठी संख्यांवर पुस्तक लिहिलं होतं, पहिला भाग. दुसरा लिहायला घेतला होता. मूळ प्रत स्वतः घेऊन आल्या आणि मालकांच्या केबिनमध्ये न बसता आमच्या खोलीत आल्या. "माझं पुस्तक वाचणार कोण ते बघायला आले," म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, आम्ही न समजता वाचतो. त्या खो खो हसल्या. "माझ्या वर्गातही तीच पद्धत होती," म्हणाल्या. हस्ताक्षर असं की काकांनी आयुष्यात पहिल्यांदा मूळ प्रतीची तारीफ केली.

आता खरं सांगते, शाळेत मी गणितात सपशेल आपटलेली. पण त्या बाईंनी असं लिहिलं होतं की पोपटालाही कळावं. सातने एकाला भागायला बसा, असं त्यांनी लिहिलं होतं. दर पायरीला काहीतरी बाकी उरते. शून्य उरली तर भागाकार तिथेच संपला. नाही तर बाकी एक ते सहा यांपैकीच कुठली तरी असणार, सातव्या प्रकारची बाकी जगात नाही. मग फार तर सहा पायऱ्या चालाल, आधी येऊन गेलेली बाकी पुन्हा दारात उभी राहीलच, आणि ती आली की पुढचं सगळं पुन्हा तसंच येणार. म्हणून कुठलाही अपूर्णांक दशांशात लिहा, तो एक तर संपतो, नाही तर त्याच अंकांचं तेच रडगाणं गात राहतो. अशी संख्या परिमेय. आणि जी संपतही नाही आणि तेच तेच गातही नाही, ती अपरिमेय. ती कुठल्याही अपूर्णांकात बसवता येत नाही.

इथे मी वाचता वाचता थांबले. काकांनी पेन्सिल उचलली. "काय गं?"

"काही नाही. समजलं."

"तेवढं टाळ," काका म्हणाले.

पुढे बाईंनी मुलांना बजावलं होतं, की पहिले चार-सहा अंक बघून संख्या ओळखली असं समजू नका. एकाला सतराने भागा, सोळा अंक होईपर्यंत पुनरावृत्ती सुरूच होत नाही. कंटाळून दहाव्या अंकाला उठलात तर अपरिमेय म्हणून मोकळे व्हाल. ते सोळा अंक वाचताना माझी जीभ वळेना. काकांनी एकाही अंकाला अडखळू दिलं नाही.

पहिली प्रुफं बाईंनी स्वतः बघून दिली. राहिलं होतं शेवटचं वाचन. ते झालं की पान थेट यंत्रावर जातं, लेखकाकडे परत जात नाही. त्या वाचनात स्वाध्यायाचं पान आलं. पुढील संख्या परिमेय की अपरिमेय ते सांगा. मी वाचत होते. शून्य दशांश चिन्ह एक आठ एक आठ एक आठ टिंब टिंब टिंब. शून्य दशांश चिन्ह दोन सात दोन सात दोन सात टिंब टिंब टिंब. शून्य दशांश चिन्ह चार पाच चार पाच चार पाच टिंब टिंब टिंब. कसा छान ठेका लागला होता. आणि मग चौथी संख्या. शून्य दशांश चिन्ह एक शून्य एक शून्य शून्य एक शून्य शून्य शून्य एक टिंब टिंब टिंब.

"थांब," काका म्हणाले. "पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. प्रुफावरही तेच होतं. प्रत आणि प्रूफ दोन्ही एकच सांगत होती.

"हात घसरला बाईंचा," काका म्हणाले. "एक शून्य एक शून्य असं हवं. ही मधली शून्यं जास्तीची पडलीत."

"मूळ प्रतीत असंच आहे, काका. समासात विचारा की."

"एवढ्याशासाठी बाईंना दोन बस बदलून यायला लावू? वरच्या तिन्ही बघ ना. दिसतंय उघड." आणि त्यांनी लाल शाईने जास्तीची शून्यं एकेक करून खोडली. पान सुबक दिसायला लागलं. आम्ही पुढे गेलो.

त्याच आठवड्यात माझी आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मी बिनपगारी रजा टाकून तिच्याकडे गेले ती चांगली पाच-सहा महिने तिकडेच अडकले. तिला उठवणं, बसवणं, भिंतीला धरून चालवणं, या सगळ्यात छापखाना, पोपट, शून्यं, सगळं डोक्यातून पार निघून गेलं.

परत आले तेव्हा काकांनी आनंदाने खुर्ची पुसून दिली आणि गेल्या महिन्यांच्या बातम्या सांगायला घेतल्या. यंत्रावरचा मिस्त्री नोकरी सोडून गेला, मालकांनी चष्मा बदलला. आणि मग म्हणाले, "त्या गणिताच्या बाई आठवतात? वाईट झालं गं. बिचारीचं डोकं चालेनासं झालंय."

पुस्तक शाळांत गेलं तसा घोटाळा बाहेर आला होता. स्वाध्यायात छापलेली संख्या उघड उघड एक शून्य, एक शून्य असं गाणारी, म्हणजे परिमेय. आणि मागच्या पानावर उत्तर छापलेलं, अपरिमेय. हुशार मुलं गोंधळली, बाकीच्यांनी मागचं उत्तर उतरवलं. कुणा शिक्षकाने वर्तमानपत्रात खवचट पत्र लिहिलं, की ज्यांना स्वतःला परिमेय-अपरिमेय कळत नाही त्यांनी पुस्तकं लिहावीत हे या काळाला धरूनच आहे. ते वाचून बाई छापखान्यात आल्या होत्या. मूळ प्रत बघायला मागितली. ती केव्हाच रद्दीत गेलेली, आमच्याकडे छपाई झाली की प्रती ठेवत नाहीत. मग बाई माझ्या रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि काकांना त्यांनी शांतपणे विचारलं, "मी असं लिहिलं होतं का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, बाई, आम्ही मूळ प्रतीला हात लावत नाही. शंका आली तर समासात विचारतो. इथे शंका आलेली नाही." काका हळहळत बोलत होते, पण त्या हळहळीच्या तळाशी कुठेतरी नियमाचा अभिमान होता. "मालकही तिथेच होते. ते म्हणाले, यांची चूक दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. बाई नुसत्या उठल्या. म्हणाल्या, माझ्या ताईचं असंच सुरू झालं होतं."

मला राग आला. "काका," मी म्हटलं, "त्यांनी तसं लिहिलं नव्हतं. मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. शून्यं तुम्ही खोडलीत."

"छे!"

"मी म्हटलं होतं समासात विचारा."

"काहीतरी बोलू नकोस. मी प्रत बदलीन?"

तो माणूस खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. तो खरंच विसरला होता. हजारो पानांतली काही शून्यं, लक्षात ठेवण्यासारखं त्यात काय होतं? पण विसरला म्हणून मी त्यांना सोडलंही नाही. कपाटातून ते पुस्तक काढलं, एका जुन्या प्रुफाच्या पाठीवर त्यांना सातने एकाला भागायला बसवलं. तीन उरले, दोन उरले, सहा, चार, पाच, मग एक. एक आल्यावर त्यांचा हात थांबला. एकापासूनच तर सुरुवात केली होती.

"आता बाईंची संख्या," मी म्हटलं, आणि ती लिहून दाखवली. दोन एकांच्या मध्ये आधी एक शून्य, मग दोन, मग तीन, मग चार. "कितीही लांब गट धरा काका, पुढे त्याच्याहून लांब शून्यांची रांग येतेच, आणि रांगेच्या टोकाला पुन्हा एक उभा. तेच ते कधीच येत नाही. मुद्दाम लिहिलं होतं त्यांनी तसं. वर तीन गाणाऱ्या संख्या ठेवल्या आणि चौथी ही, मुलं डोळे झाकून उत्तर देतात का ते बघायला."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि कागदावरची शून्यं बोटाने एकेक करून मोजली. यंत्रं चालू होती म्हणून टेबल थरथरत होतं, आणि त्यांची पेन्सिल टेबलावरून हळूहळू सरकत कडेला आली आणि खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही.

"हात घसरला असं मी म्हणालो होतो," ते शेवटी म्हणाले. "आठवलं."

वाटलं होतं, दुसऱ्याच दिवशी जातील बाईंकडे. गेले नाहीत. रोज मी विचारायची आणि रोज काहीतरी निघायचं. काकूंना बरं नाही, काम तुंबलंय, बाईंचा पत्ता बदललाय म्हणे. मी तोंडावर म्हटलं, "घाबरलात." ते म्हणाले, "हो."

मात्र त्यांच्यात काहीतरी मोडलं होतं. समासात प्रश्नचिन्हं यायला लागली. आधी एखाद-दुसरं, मग पानभर. साध्या वाक्यावर थांबायचे आणि मला विचारायचे, "हे बरोबर वाटतंय का गं?" लेखक वैतागून मालकांकडे तक्रार करू लागले, की तुमचा माणूस माझ्या बायकोचं नावसुद्धा मला विचारून घेतो. मालक माझ्यावर खेकसायचे, जसं काही मीच त्यांना बिघडवलं. काकू एकदा मला म्हणाल्या, "घरी आता काहीच सुधारत नाहीत. मी मुद्दाम चुकीची तारीख सांगितली, तर हो म्हणाले." त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्या रडत होत्या.

शेवटी एका सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. बसलेच नाहीत. "चल," म्हणाले.

बाईंनी स्वतःचं घर सोडलं होतं. आता त्या भाच्याकडे राहत होत्या, म्हणजे त्यांच्या त्या गेलेल्या ताईच्या मुलाकडे. भाचा कामावर गेला होता. दार त्याच्या बायकोने उघडलं. माणसं चांगली होती, हे मुद्दाम सांगते, कारण जाताना माझ्या मनात भलतंच होतं. वाटलं होतं, म्हातारीचं घर गिळायला बसलेली असतील. तसं काही नव्हतं. ती मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "सासूबाईंचे शेवटी शेवटी फार हाल झाले. मावशींनीच सगळं केलं त्यांचं. त्यामुळे मावशी म्हणाल्या, मला वेळेवर घेऊन जा, मी रस्त्यात हरवेपर्यंत थांबू नका. एकट्या बाहेर जात नाहीत आता. गॅसला हात लावत नाहीत."

"काही विसरतात का?" मी विचारलं.

"तसं अजून काही दिसत नाही. पण त्यांना आतून कळत असेल ना."

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "अगं पोपट! आईचं हाड जुळलं का?" मी त्यांना आयुष्यात एकदाच भेटले होते. आईचं त्यांनी मी नसताना छापखान्यात ऐकलं असणार. "काठीने चालते," मी म्हटलं. "खुब्याचं तसंच असतं," बाई म्हणाल्या. "जिना मात्र चढू देऊ नकोस."

काका उभेच होते. घरून घोकून आल्यासारखे एका दमात बोलले. "बाई, ती संख्या तुम्ही बरोबर लिहिली होती. शून्यं मी खोडली. शेवटच्या वाचनात. मला वाटलं, तुमचा हात घसरला. तुम्हाला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. आणि तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला खोटं सांगितलं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि हसल्या. ते हसू मी शाळेत पाहिलेलं आहे. मैत्रिणीची चूक स्वतःवर घेणाऱ्या पोरीकडे बाई बघतात ना, तसं.

"बसा आधी," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांब आलात. चहा ठेवते सूनबाई."

"बाई, खरं सांगतोय मी."

"त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात ते मला शब्द न् शब्द आठवतं. नजर चुकवली नाहीत, आवाज चढवला नाहीत. खोटं बोलणारं पोर मी शेवटच्या बाकावरून ओळखायचे. तुम्ही खोटं बोलत नव्हता."

"मी विसरलो होतो."

"मग आता कसं आठवलं?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाई माझ्याकडे वळल्या. "तू वाचलं होतंस म्हणे. इतकी पुस्तकं वाचतेस, तीही न समजता. आणि माझ्या पुस्तकातली एक संख्या तेवढी लक्षात राहिली?"

"ते समजलं होतं म्हणून राहिली," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "बाई, तुम्हीच बघा ना. मागे उत्तर काय छापलंय? अपरिमेय. म्हणजे तुमच्या मनात बरोबर संख्या होती. चुकीची लिहिली असती तर उत्तर परिमेय दिलं असतं."

"हो, हा विचार मीही केला," बाई म्हणाल्या. वर्गात चांगला प्रश्न आल्यासारख्या त्या किंचित पुढे झुकल्या. "मनात एक आणि हातून दुसरंच. ताईचं असंच होतं. मीठ म्हणायची आणि हात साखरेच्या डब्यात. मन शाबूत दिसायचं, बरं का. बराच काळ दिसायचं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. शंभरातून सात-सात कमी करत जा म्हणाले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. मी थेट दोनपर्यंत गेले, ते बिचारे मधेच कंटाळले. म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे." बाई हसल्या. "गणिताच्या शिक्षिकेला ते येणारच की. पहिले काही अंक बरोबर आले म्हणून पुढचं कोण सांगणार?"

मला रडायला येत होतं आणि संताप येत होता. इतकं लख्ख चालणारं डोकं, आणि ते सगळं स्वतःच्याच विरुद्ध चाललेलं. मी शेवटचं म्हणून म्हटलं, "बरं, ते जाऊ दे. दुसरा भाग द्या आम्हाला. मी मालकांशी बोलते. प्रत्येक ओळ तुम्ही शेजारी बसून तपासा."

"तो फाडला मी."

काकांनी मान वर केली.

"पूर्ण झाला होता," बाई म्हणाल्या. "पण त्यात अशा किती जागा असतील कोण जाणे. मला तर वाचताना सगळं बरोबरच वाटत होतं, म्हणून जास्त भीती वाटली. कुणाच्या तरी पोराने चुकीचं शिकावं त्यापेक्षा बरं. एकेक पान फाडलं. दुसरी प्रत नव्हती." आणि मग काकांकडे बघून त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुमचा काय दोष?"

तेव्हा मला उमगलं, की या बाई आमच्यावर विश्वास ठेवूच शकत नाहीत. ठेवला तर काय उरतं? धडधाकट डोक्याने, शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने इतक्या वर्षांचं काम फाडलं, घर सोडलं, बाहेरचा रस्ता बंद केला, आणि हे सगळं कुणाच्या तरी लाल शाईमुळे. त्यापेक्षा डोकं गेलंय हे बरं. त्यांच्या जागी मी असते तर मीही आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

काका पुढे झाले आणि बाईंच्या पायाशी चक्क जमिनीवर बसले. "बाई, मी चुकतो," ते म्हणाले. "सगळे म्हणतात ते खरं नाही. मी चुकतो हो." मोठा माणूस असा बोलताना पाहवत नाही. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोपटलं.

"फार चांगले आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "म्हातारीला बरं वाटावं म्हणून स्वतःवर आळ घ्यायला आलात. कोण करतं असं?"

चहा आला. तो आम्ही प्यायलो, कारण दुसरं काय करणार होतो? बाई माझ्या आईबद्दल, काकूंबद्दल विचारत राहिल्या, आणि प्रत्येक उत्तर नीट ऐकत राहिल्या. निघताना त्या दारापर्यंत आल्या. काकांना जोडे घालताना वाकता येईना, तर त्यांनी स्वतः पुढे होऊन भिंतीशी स्टूल सरकवून दिलं.

"पुन्हा या," त्या म्हणाल्या. "फक्त मी ओळखलं नाही, तर राग मानू नका."

"नाही मानणार," काका म्हणाले.